चोवीस ऑक्टोबरचं कार्ड

फोन आला तेव्हा गोवर्धन गावंडे अमरावतीच्या साईनगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर डिसेंबरच्या उन्हात पाय पसरून, हातात भिंग धरून पेपर वाचत होता. डोळ्यांवर चष्मा होता, पण निधनवार्तांची बारीक अक्षरं भिंगाशिवाय त्याला दिसत नसत, आणि त्या वाचल्याशिवाय चौसष्टाव्या वर्षी त्याचा दिवस काही सुरू होत नसे. पलीकडून किशोर बोलत होता. किशोर म्हणजे अकोल्याजवळच्या जुन्या कापूस फार्मवरचा सध्याचा अधिकारी. पोरगा गुणी, फक्त एकदा बोलायला लागला की थांबत नाही. "सर, खुशखबर! पंच्याण्णवचा गठ्ठा सापडला. ऑक्टोबरचा! म्हणजे ग्रहणाचं कार्ड सापडलंच समजा. रविवारी तुमच्याच हातानं सोडू सर, कोणी हात नाही लावला अजून, फडकं जसंच्या तसं आहे." गोवर्धन "हो का" म्हणाला, "वा" म्हणाला, आणखी एकदा "वा" म्हणाला. भिंग धरलेला हात जिथं होता तिथंच राहिला. नाकात वास शिरला तेव्हा त्यानं खाली पाहिलं, तर पेपरातल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर तपकिरी ठिपका उठला होता आणि त्यातून धुराची बारीक शेंडी वर येत होती. त्यानं घाईनं तळहात ठेवून तो विझवला. फोन बंद झाल्यावरही वास गेला नाही. हा वास त्याच्या ओळखीचा होता, आणि हे भिंगही तेच होतं.

फार्मच्या वेधशाळेतलं ते ऊन मोजायचं यंत्र ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं गोवर्धननं आयुष्यात शेकडो वेळा खर्चली होती. मोठ्या संत्र्याएवढा भरीव काचेचा गोळा. तो पितळी वाटीत बसवलेला. वाटीच्या आतल्या अंगाला खाच, खाचेत निळसर पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर तासांच्या पांढऱ्या रेघा. ऊन गोळ्यातून जातं, एका ठिपक्यात जमा होतं आणि कार्ड जाळतं. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते, ढग आला की थांबते. संध्याकाळी कार्ड काढायचं, उद्याचं लावायचं, मागं तारीख आणि निरीक्षकाचं नाव टाकायचं. "सूर्य आपली हजेरी आपणच लावतो, आपण फक्त कागद पुरवायचा," असं तो शाळेतल्या पोरांना सांगे, आणि पोरं हसत. फार्मवर असे दोन गोळे होते. एक कुंपणाच्या आत, रोजच्या कामाचा. कुंपणाच्या फाटकाची एकुलती एक चावी निरीक्षकाकडे, म्हणजे गोवर्धनकडे. दुसरा इंग्रजांच्या वेळचा, सागवानी पेटीत घालून स्टोअरमध्ये ठेवलेला. त्या जुन्या गोळ्याच्या पोटात मोहरीएवढा बुडबुडा होता, त्यामुळे त्याच्या रेघेच्या खालच्या काठाला केसाएवढी दुसरी रेघ उमटे, म्हणून तो कधीच बाद झालेला. आता त्याच बाद गोळ्याला काचेच्या कपाटात मानाची जागा मिळणार होती. रविवारी उद्घाटन. शेजारी ग्रहणाचं कार्ड, आणि कार्डाशेजारी ते घेणारा माणूस. पत्रिकेवर छापलं होतं, 'ग्रहणातही वेध न चुकवलेले निरीक्षक'. हा मजकूर आकांक्षानं लिहिला होता.

आकांक्षा त्याची मुलगी. येत्या जानेवारीत तिला तीस पूर्ण होतील. अमरावतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती फिजिक्स शिकवते, आणि दर वर्षी प्रकाशाचा धडा सुरू करताना पोरांना सांगते की पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण लागलं तेव्हा सगळा जिल्हा दारं लावून बसला होता, आपली आजीसुद्धा, आणि आपले वडील मात्र मोकळ्या मैदानात यंत्रापाशी उभे होते. पाखरं झाडांवर परतली, कुत्रं पाय पोटाशी घेऊन बसलं, आणि कार्डावरची रेघ बारीक होत होत एकोणीस मिनिटं तुटली. हे सगळं तिला बापानं सांगितलेलं. तिनं फिजिक्स घेतलं ते त्या एकोणीस मिनिटांपायी, असं ती म्हणायची. ती असं म्हणायची तेव्हा साधना, गोवर्धनची बायको, उठून दूध पाहायला जायची. तीस वर्षांत ही गोष्ट जेव्हा जेव्हा निघाली, पाहुण्यांपुढे, सोयरिकीच्या बैठकीत, शेजाऱ्यांच्या पोरांपुढे, तेव्हा तेव्हा साधनाचं दूध उतू चाललेलं असायचं. घरात दूध नसलं तरी ती उठायचीच. गोवर्धनला तिच्या पाठीकडे पाहण्याची सवय झाली होती. पाठीकडे पाहत तो पुढचं सांगत असे आणि गोष्टीत एखादं पाखरू वाढे.

खरं काय झालं होतं ते अगदी साधं होतं, म्हणूनच ते सांगता येत नव्हतं. तेवीस तारखेला लक्ष्मीपूजन. संध्याकाळी त्यानं कार्ड काढलं आणि दुसरं लावलंच नाही. घरी जायची घाई, सकाळी सहाला येऊन लावू म्हणाला. तेव्हा ते अकोल्यात जठारपेठेत दोन खोल्यांत राहत. सकाळी साडेपाचला तो उठला, बूट घातले, फाटकाची चावी खिशात टाकली. आतल्या खोलीत आईनं, मनकर्णाबाईनं, खिडकीला गोधडी ठोकली होती. साधनाला सहावा सरून सातवा लागला होता. आधीची दोन पाचव्यातच गेली होती. ती चटईवर सरळ पडली होती, हात दोन्ही बाजूंना उघडे, कारण मूठ वळायची नाही, पाय दुमडायचा नाही, काही चिरायचं नाही, काही शिवायचं नाही. आईनं अडवलं असतं तर त्याचं फार बरं झालं असतं, त्याला भांडता आलं असतं. फार्मवरच्या शाळेत त्यानं आठच दिवसांपूर्वी टेबलावर मेणबत्ती ठेवून, एका हातात मोसंबं आणि दुसऱ्या हातात लिंबू धरून दाखवलं होतं की ग्रहण म्हणजे नुसती सावली. आई म्हणाली, "जाय ना. तुले कोनं धरलं?"  साधनानं नुसतं त्याच्या बुटांकडे पाहिलं. त्यानं उंबऱ्यावर बसून आधी डावा बूट काढला, मग उजवा, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चार तास तो तिचा हात उघडा धरून बसला, आपल्याच बोटांनी तिची मूठ वळू नये म्हणून जपत. गोधडीच्या कडेनं उजेडाची एक चिरी आत येत होती. मधेच ती मळकट झाली. त्यानं त्या चिरीकडेही पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. पोटातलं पोर हललं की त्याच्या अंगातून घाम फुटायचा. तो भ्यायला होता. एवढंच.

ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून तो फार्मवर पोचला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सुट्टीचा दिवस, मैदानात चिटपाखरू नव्हतं. त्यानं फाटक उघडलं, कोरं कार्ड काढलं, ऑफिसातलं भिंग आणलं, कुंपणाच्या कोपऱ्यात पाठ करून उकिडवा बसला आणि सकाळपासूनचे तास हातानं जाळून काढले. हात सराईत होता. स्वच्छ दिवसाची रेघ कशी असते ते त्याला डोळे मिटूनही ठाऊक होतं. त्यानं सात भरला, आठ भरला, नऊ भरला, एकसारखी जाड, काळी रेघ, आणि अकराच्या आत कार्ड खाचेत सरकवून दिलं. पुढचं सूर्यानं भरलं. काम इतकं बेमालूम झालं की त्याचं त्यालाच हायसं वाटलं. चार दिवसांनी भाऊबीज उलटल्यावर शेजारच्या मास्तरांनी विचारलं, "काय गावंडे, तुमच्या गोळ्यानं काय दाखवलं मग?" आणि गोवर्धनच्या तोंडातून गेलं, "दाखवणार काय, रेघच तुटली." वाक्य बाहेर पडलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ग्रहणातून उठून आलेला माणूस ग्रहणच विसरला होता. पाऊण सूर्य झाकला गेला त्या वेळात त्यानं भिंगानं भरगच्च ऊन पाडून ठेवलं होतं. लगोलग तो स्टोअरकडे गेला, दोनदा गेला. पण दोन्ही वेळा दारात स्टूल टाकून इनायतुल्ला बसला होता. इनायतुल्ला वेधशाळेचा मदतनीस, गोवर्धनपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, कार्डांचे गठ्ठे बांधणं हे त्याचं काम, आणि गठ्ठा एकदा त्याच्या ताब्यात गेला की साहेबालाही कारण सांगावं लागे. गोवर्धनला कारण सुचलं नाही. पुढच्या मे महिन्यात त्याची बदली अमरावतीला झाली.

रविवारी निघताना त्यानं भर उन्हात कोट घातला. शनिवारी दुपारी, साधना झोपली असताना, त्यानं कोटाच्या आतल्या खिशाची खोली पट्टीनं मोजली होती. हिवाळ्याचं कार्ड आखूड असतं, आणि पंधरा ऑक्टोबरनंतर हिवाळ्याचंच लागतं, हे एक त्याच्या नशिबानं बरं होतं. दारात साधना उभी होती. ती येणार नव्हती, गुडघ्याचं निमित्त होतं. "कोट कायले?" तिनं विचारलं. "थंडी हाये." तिनं अंगणातल्या लख्ख उन्हाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तीस वर्सं मी दूध पाहून राहिली," ती हळू आवाजात म्हणाली, "आता तुमचं तुमी पाहा." गाडी आकांक्षा चालवत होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, तुरी डोक्याएवढ्या. ती बोलत होती, व्हिडिओ कसा करायचा, सुरुवात गोळ्यापासून की कार्डापासून, "बाबा, तुम्ही गठ्ठा सोडताना मी जवळून घेईन, मग कार्डावर जाईन, मग तुमच्या चेहऱ्यावर." गोवर्धन हं हं करत होता आणि मनातल्या मनात गठ्ठा सोडत होता. गाठ. फडकं. एकतीस कार्डं. वरून चोविसावं. आधी पाच मिनिटं एकट्याला मिळाली पाहिजेत. कार्ड नाहीच सापडलं तर हळहळ होईल, पण हळहळीनं कुणी मरत नाही. रेघ सलग सापडली तर ही पोरगी आधी हसेल, मग तिला वाटेल यंत्र बिघडलं असेल, मग ती गणित मांडेल, कारण ती त्याचीच मुलगी होती, आणि गणित सुटलं की ती काही बोलणार नाही. तिचं ते न बोलणं त्याला आतापासूनच ऐकू येत होतं. बोरगावच्या पुढे ती म्हणाली, "तुम्हाला घाम येऊन राहिला बाबा. कोट काढा ना." तो म्हणाला, "राहू दे."

फार्मच्या जुन्या ऑफिसात खुर्च्या मांडणं चाललं होतं. किशोरनं वाकून नमस्कार केला, गोळा दाखवला. घासूनपुसून ठेवलेला तो बाद गोळा खिडकीतल्या उजेडात बसला होता, पोटातल्या बुडबुड्यासकट. गोवर्धननं मायेनं त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "सर, गठ्ठा आत स्टोअरमध्ये आहे. इनायतचाचांना बोलावलंय, त्यांच्याशिवाय गठ्ठे कोणाला सापडतच नव्हते." माईक खरखरायला लागला तसा किशोर तिकडे पळाला, आकांक्षा फोनसाठी चार्जिंगची जागा शोधायला गेली, आणि गोवर्धन स्टोअरमध्ये शिरला. टेबलावर लाल फडक्यातला गठ्ठा होता. टेबलापलीकडे, तसल्याच एका स्टुलावर, इनायतुल्ला बसला होता. दाढी पूर्ण पांढरी, पाठ मात्र सरळ. "सलाम साहेब. लई दिवसांनी." "इनायतभाई, जरा पाणी आनता काय?" गोवर्धन म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. इनायतुल्लानं टेबलाखालून बाटली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि परत बसला.  गोवर्धननं गाठ सोडली. त्यानं पटापट कार्डं मोजली, बावीस, तेवीस, चोवीस ओढून काढलं, कोटाच्या आत नेलं, आणि नेता नेता त्याची नजर त्यावर गेली.

रेघ सलग नव्हती. सातपासून नीट जळत आली होती, आठच्या अलीकडे बारीक व्हायला लागली होती, साडेआठच्या सुमाराला फक्त तपकिरी, करपल्यासारखी पुसट रेघ उरली होती, आणि मग परत हळूहळू भरत गेली होती. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि कार्ड खिडकीशी नेलं. खालच्या काठाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, केसाएवढी दुसरी रेघ होती.

"जुन्या गोळ्याचं हाये," इनायतुल्ला मागून म्हणाला. "पेटीतल्या. तुमी आले नाही त्या दिवशी. सहा वाजले, साडेसहा वाजले. चावी तुमच्यापाशी. मंग मी पेटी काढली, ह्याच स्टोअरच्या गच्चीवर ठेवला गोळा. सातले ठिपका सातच्या लाईनीवर बसला तवा हात सोडला. मशिदीत ग्रहनाची नमाज पडून आलो, तं जळूनच राहिलं व्हतं."

"आन् माहं कार्ड?"

"गठ्ठा बांधताना काढलं. चुलीत घातलं. चाय झाली त्याच्यावर."

गोवर्धननं टेबल धरलं. तीस वर्षं तो ज्या कार्डाला भीत होता ते त्याच वर्षी राख होऊन गेलं होतं. "इनायतभाई," तो म्हणाला, "तुमी मले वाचवलं."

"तुमाले?" म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी चढली. "तुमाले काहून वाचवीन मी? गठ्ठा माह्या हातचा व्हता. माह्या गठ्ठ्यात खोटं कार्ड नोको, बस. तुमी कोपऱ्यात बसून जाळून राहिले होते ते गच्चीवरून दिसत व्हतं मले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी कधी विचारलं?"

गोवर्धननं कार्ड उलटं केलं. तारीख होती, इनायतुल्लाच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात. निरीक्षकाच्या नावाची जागा कोरी होती. "मी निरीक्षक नव्हतो ना," इनायतुल्ला म्हणाला, जणू एखादी रास्त अडचण सांगावी तसं. गोवर्धनला एकदम फार लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ उपकार फेडायची घाई झाली. त्यानं खिशातला पेन काढला, टोपण उघडलं. "काय लिहून राहिले साहेब?" "तुमचं नाव." "नोका. आज लिवलेलं नाव त्या दिवसाचं कसं व्हईल? मंग हेबी तुमच्या त्या कार्डासारखंच." गोवर्धनचा हात थांबला. त्यानं टोपण लावलं. 

तेवढ्यात दारातून आकांक्षा आली, मागून किशोर. "अरे, सोडलाच काय गठ्ठा! माझ्यासाठी थांबायचं ना बाबा." तिनं त्याच्या हातातलं कार्ड अलगद घेतलं, उजेडात धरलं, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला. मग तिच्या भुवया जवळ आल्या. "पण ही तुटली नाही बाबा. पुसट आहे, पण आहे. तुम्ही तर एकोणीस मिनिटं तुटली म्हणायचे." खोलीत माईकची खरखर येत होती. "तीस वर्षांत थोडं इकडंतिकडं व्हायचंच," किशोर हसून म्हणाला. "सर तिथं होते, ते महत्त्वाचं. लांबून तुटल्यासारखीच दिसली असेल." वाट अगदी तयार होती. नुसतं हसायचं होतं, मान हलवायची होती, 'म्हातारपण' म्हणायचं होतं, आणि गोष्ट पूर्वीपेक्षा पक्की झाली असती, सोबत खरं कार्ड होतं. गोवर्धनला हसू येतही होतं. ते तोंडाच्या कडेपर्यंत आलेलं त्याला कळलं. आकांक्षानं कार्ड टेबलावर गोळ्याच्या रिकाम्या पेटीला टेकवून ठेवलं, दोन पावलं मागं गेली, फोन उचलला. "बरं, चालू करते. सांगा बाबा. ही रेघ अशी पुसट झाली त्या वेळी तुम्ही नेमके कुठं उभे होते?"

इनायतुल्ला लाल फडक्याची गाठ परत बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही. गोवर्धनला कोटात विलक्षण उकडत होतं. त्यानं कोट काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. फोन त्याच्याकडे रोखलेला होता आणि फोनच्या वर त्याच्या मुलीचे डोळे होते, साधनासारखे, बुटांकडे पाहणारे.

"उभा नव्हतो," तो म्हणाला. "बसलो होतो. जठारपेठेतल्या खोलीत, दार लावून. तुह्या आईचा हात धरून. तू पोटात होती. मी भेलो होतो. हे कार्ड इनायतभाईनं लावलं, मी नाही. मी लावलं ते खोटं होतं."

 आकांक्षाचा हात हलला नाही, फोन तसाच वर राहिला, चालू. बराच वेळ ती काही बोलली नाही. हेच ते न बोलणं, जे गोवर्धननं सगळ्या रस्ताभर ऐकलं होतं. मग तिनं विचारलं,

"किती वेळ बसले होते, बाबा?"

"सुटेपर्यंत," तो म्हणाला.